नवखा परदेशांत कीं स्वदेशांत?

पोलादपुराकडील कापडे गांवाहून एखादा तरुण प्रथमच मुंबईस जातो, तेव्हां त्याची पहिली फजिती बोलण्यावरून होते. घरीं ज्या शब्दांवर सर्व व्यवहार चालतो, त्यांस चाळींतील मंडळी हंसतात. त्याच्या हेलाची नक्कल होते. आणि कांहीं महिन्यांतच तो गांवचें बोलणें गांवच्या एस्. टी. स्टँडवर ठेवून जावयास शिकतो. हाच तरुण पुढें आखातांत किंवा अमेरिकेंत गेला म्हणजे फजितीचा दुसरा अध्याय सुरू होतो. तेथें जेवण निराळें, थंडी निराळी, आभार मानण्याची व नकार देण्याची रीतहि निराळी. आमच्या व्यापारी वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें अशा रीतीनें परमुलखांत नवखीं आहेत, व त्यांच्या हालांच्या हकीकती वाचक मोठ्या ममतेनें सांगतात. परंतु महाडच्या औद्योगिक वसाहतींत परप्रांताहून आलेला कामगार दुकानाशीं उभा राहून मोडक्या मराठींत तांदूळ मागतो, तेव्हां हंसणारे आपणच असतों, ही गोष्ट त्या हकीकतींत येत नाहीं.

या प्रसंगीं आम्हांस ज्या पुरुषाचें चरित्र आठवतें ते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर होत. महाडकरांस त्यांचें नांव चवदार तळ्यामुळें ठाऊक आहे. घटनेच्या मसुद्यामुळें तें सर्व देशास ठाऊक आहे. परंतु अनोळखी विद्यार्थी म्हणून त्यांनीं न्यूयॉर्कांत व लंडनांत काढलेला काळ या तळ्याशीं किती निकट जोडलेला आहे, याचा विचार क्वचितच होतो. तो आज करावा असें आम्हीं योजिलें आहे.

ज्या सावित्रीचें पाणी पोलादपूर व महाड यांवरून बाणकोटच्या खाडीस मिळतें, तिच्या दक्षिणेकडील मंडणगड तालुक्यांत आंबडवे हें या घराण्याचें मूळ गांव. म्हणजे हे गृहस्थ आमच्या शेजारचेच. वडील रामजी सकपाळ हे लष्करांत सुभेदार असल्यामुळें भीमरावांचा जन्म मात्र महू येथील छावणींत 14 एप्रिल 1891 रोजीं झाला. सातारच्या शाळेंत 1900 सालीं त्यांचें नांव भिवा रामजी आंबेडकर असें नोंदलें गेलें. आडनांवांत गांव आलें. पण त्या आडनांवावरून जात चटकन् कळत नसे. या न कळण्याचा अनुभव मुलास लौकरच यावयाचा होता.

सन 1901 मध्यें सुभेदार सातारा जिल्ह्यांत गोरेगांव येथें खजिनदाराचें काम करीत होते. उन्हाळ्याच्या सुटींत मुलांनीं आपल्याकडे यावें असें त्यांनीं लिहिलें. भीमराव व घरांतील आणखी मुलें जरीच्या टोप्या, नवे जोडे व रेशमी कांठाचीं धोतरें घालून आगगाडीनें मसूर स्टेशनावर उतरलीं. घरून धाडलेलें पत्र वेळेवर सुभेदारांस न कळल्यामुळें घ्यावयास कोणी आलें नव्हतें. पोषाखावरून स्टेशनमास्तरास हीं ब्राह्मणांचीं मुलें वाटलीं, व त्यानें आस्थेनें चौकशी केली. आपण महार आहों, असें मुलानें निष्कपटपणें सांगतांच त्याचा चेहरा पालटला. भाडें मिळत असूनहि गाडीवान गाडी देईनात. शेवटीं एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला. अट इतकीच कीं, गाडी मुलांनीं हांकावी व त्यानें बाजूनें पायीं चालावें.

मुलांजवळ जेवण होतें, पण प्यावयास पाणी नव्हतें. रात्रीं एका जकातनाक्याशीं गाडी थांबली. गाडीवानानें मुलास सुचविलें कीं, नाकेदार हिंदु आहे, तेव्हां आपण मुसलमान आहों असें सांगून पाणी मागावें. लष्करी घरांतल्या या मुलास उर्दू चांगली येत होती. संशयास जागा राहूं नये अशा सफाईनें त्यानें उर्दूंत पाणी मागितलें. नाकेदार फसला नाहीं, व पाणीहि मिळालें नाहीं. पाणी टेंकडीवर आहे, हवें तर जाऊन आणावें, एवढें उत्तर मिळालें. मुलें तहानेलींच निजलीं.

परदेशीं गेलेल्या माणसाची भाषेवरून कशी गफलत होते, याच्या गमती आपण ऐकतों. येथें मात्र नऊदहा वर्षांचा मुलगा स्वतःच्या जिल्ह्यांत, स्वतःची मातृभाषा बोलणाऱ्या माणसापुढें, दुसरी भाषा सोंगाप्रमाणें पांघरून उभा आहे. बोलतां येत नव्हतें म्हणून पाणी मिळालें नाहीं असें नव्हे. बोलणें उत्तम होतें. बोलणारा कोण, हीच अडचण होती.

भाषांची ही कथा पुढें शाळेंतहि चालू राहिली. संस्कृत शिकण्याची त्यांची उत्कट इच्छा होती. परंतु अस्पृश्य मुलास ती शिकवावयास शिक्षक तयार नसल्यामुळें त्यांस फारशी घ्यावी लागली. संस्कृताचा अभ्यास त्यांनीं पुढें स्वतःच्या बळावर केला. इंग्रजीचा पाया वडिलांनीं घातला. हॉवर्डचीं पुस्तकें व तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला सुभेदारांनीं मुलाकडून कसून करवून घेतल्या. अमुक मराठी शब्दास नेमका इंग्रजी शब्द कोणता, ही चिकित्सेची संवय तेव्हांची आहे. पेन्शनर शिपायाच्या घरांतील ती शिकवणी पुष्कळ शाळांना लाजविणारी होती, असें आमचें मत आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांतून 1907 सालीं ते मॅट्रिक झाले, व बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीं दिलेल्या दरमहा 25 रुपये विद्यावेतनावर एल्फिन्स्टन कॉलेजांतून पदवीधर झाले. वडील 2 फेब्रुवारी 1913 रोजीं वारले. त्याच वर्षीं 4 जूनला बडोदें सरकाराशीं करार झाला: तीन वर्षें अमेरिकेंत शिकावें, दरमहा साडेअकरा पौंड घ्यावे, आणि परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करावी.

जुलै 1913 मध्यें ते न्यूयॉर्कास पोंचले व कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. प्रथम ते हार्टली हॉल या वसतिगृहांत उतरले. तेथील जेवण नीट शिजविलेलें नसे व त्यांत गोमांस असे. तें त्यांस मानवलें नाहीं. म्हणून आठवड्याभरांतच त्यांनीं तें वसतिगृह सोडलें व जेथें कांहीं हिंदी विद्यार्थी राहत होते, त्या कॉस्मॉपॉलिटन क्लबांत बिऱ्हाड केलें. पुढें लिव्हिंग्स्टन हॉलमध्यें नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहिले, आणि ही मैत्री जन्मभर टिकली. जेवण आवडलें नाहीं, बिऱ्हाड बदललें, सोबती मिळाला! परदेशस्थ विद्यार्थ्याच्या ज्या अडचणी आपण मोठ्या मानतों, त्या अशा रीतीनें थोड्याच काळांत मिटल्या. यांत अद्भुत असें कांहीं नाहीं. अद्भुत वाटलें तें निराळेंच. ठराविक वेळीं चारचौघांबरोबर टेबलाशीं बसावें, रुमालानें तोंड पुसावें, वाटेल त्या वाचनालयांत वाटेल तें पुस्तक मागावें, न्हाणीघरांत सर्वांसारखें स्नान करावें, आणि यांपैकीं एकाहि ठिकाणीं कोणी जात विचारूं नये, हें बावीस वर्षांच्या आयुष्यांत त्यांच्या वांट्यास प्रथमच आलें होतें. एखाद्या सामान्य विद्यार्थ्यास टेबलावरचा रुमाल म्हणजे नसती कटकट वाटली असती. या विद्यार्थ्यास त्या रुमालाचा अर्थ निराळा कळला.

प्रारंभींचे कांहीं महिने त्यांनीं तरुणासारखे घालविले. नाटकें पाहिलीं, बॅडमिंटन खेळले, बर्फावर घसरण्याचा खेळ केला. मग अभ्यासानें असें पछाडलें कीं, वाचनालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते तेथेंच असत. खर्च काटकसरीचा; उरलेल्या पैशांतून कांहीं घरीं धाडीत व कांहींची जुनीं पुस्तकें घेत. न्यूयॉर्कांत त्यांनीं जमविलेल्या पुस्तकांची संख्या दोन हजारांच्या घरांत होती, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. एडविन सेलिग्मन यांच्यासारखे अर्थशास्त्री व जॉन ड्युई यांच्यासारखे तत्त्वज्ञ तेथें त्यांस गुरु लाभले.

येथें एक गोष्ट निर्भीडपणें नमूद केली पाहिजे. अमेरिका ही समतेची पंढरी होती असें आम्ही म्हणत नाहीं. त्या देशानें कृष्णवर्णीयांस ज्या रीतीनें वागविलें, ती आमच्या अस्पृश्यतेची सख्खी बहीण होय. आंबेडकर यास आंधळे नव्हते. पुढें 1946 सालीं त्यांनीं कृष्णवर्णीयांचे विद्वान पुढारी डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांच्याशीं पत्रव्यवहारहि केला. परंतु विद्यापीठाच्या आवारांत त्यांच्यापुरता जो मोकळेपणा होता, तो खरा होता.

9 मे 1916 रोजीं प्रो. गोल्डनवायझर यांच्या वर्गांत त्यांनीं भारतांतील जातींवर एक निबंध वाचला. भाषेच्या घोटाळ्याचा विचार करणाऱ्यानें हा प्रसंग अवश्य ध्यानांत घ्यावा. इंग्रजींत जातीस जो शब्द आहे, तो मूळ पोर्तुगीजांचा. त्याचा अर्थ वंश किंवा वाण. आमच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगीज नवख्यांनीं आमची व्यवस्था पाहून आपल्या भाषेंतला एक शब्द तिला चिकटविला, आणि युरोपांतील पंडित त्या शब्दावरून वस्तु ओळखूं पाहूं लागले. कोणी तींत वंशभेद पाहिला, कोणी धंद्यांची वांटणी, कोणी सोंवळेंओंवळें. आंबेडकरांनीं तेथील श्रोत्यांस निराळी वाट दाखविली. जातीचें मर्म जातीबाहेर लग्न न करण्यांत आहे; जात म्हणजे दारें लावून घेतलेला वर्ग; आणि सती, सक्तीचें वैधव्य व बालविवाह या चाली तीं दारें बंद राखण्यासाठींच उपजल्या, असें त्यांनीं मांडलें. घरांतील वस्तु परक्यांस समजावून देतांना ती स्वतःलाच प्रथम स्पष्ट दिसावी, हा परदेशवासाचा मोठाच लाभ होय. परक्या भाषेंत बोलावयाचें म्हणजे प्रत्येक शब्दाची व्याख्या करावी लागते. आणि व्याख्या करूं गेलें म्हणजे घरीं जें न बोलतां चालतें, तें उघडें पडतें.

त्यानंतर ते लंडनास गेले. परंतु विद्यावेतनाची मुदत संपल्यामुळें तेथील अभ्यास अर्धा टाकून 21 ऑगस्ट 1917 रोजीं मुंबईस परत आले. सामान निराळ्या बोटीनें येत होतें. महायुद्ध चालू होतें. ती बोट पाणतीराच्या माऱ्यानें बुडाली व पुष्कळ पुस्तकें समुद्रास मिळालीं. सामानाची जी नुकसानभरपाई मिळाली, तिच्यांतूनच करारी नोकरीसाठीं बडोद्यास जाण्याची तजवीज झाली.

बडोद्याच्या स्टेशनावर सप्टेंबरमध्यें उतरतांच प्रश्न उभा राहिला, राहावयाचें कोठें? हिंदूंच्या खाणावळी आपणांस घेणार नाहींत हें त्यांस माहीत होतें. पारशी धर्मांत अस्पृश्यता नाहीं, तेव्हां पारशांच्या पथिकाश्रमांत जागा मिळेल, असें त्यांनीं धरिलें. येथें पुन्हां समजुतीची चूक झाली. व्यवस्थापक वर आला, आणि अंगावर सदरा व कस्ती नाहीं हें पाहून त्यानें विचारणा केली. ही जागा केवळ पारशांसाठीं राखलेली होती. परंतु बरेच दिवस गिऱ्हाईक नसल्यामुळें रोजचा दीड रुपया त्यासहि हवा होता. वहींत पारशी नांव लिहावें, अशी तोड निघाली. जकातनाक्यावर भाषेचें सोंग घ्यावें लागलें होतें. आतां अमेरिकेच्या विद्यापीठाची एम्. ए. पदवी घेऊन आलेल्या अधिकाऱ्यास नांवाचें सोंग घ्यावें लागलें. मोडक्या सामानानें भरलेल्या अंधाऱ्या दिवाणखान्यांत, वटवाघळांच्या संगतींत, मिणमिणत्या दिव्यापाशीं पुस्तक वाचीत ते रात्री काढीत. कचेरींत शिपाई कागद दुरून टाकीत.

अकराव्या दिवशीं सकाळीं दहाबारा पारशी काठ्या घेऊन जिन्यानें वर आले, व जागा बाटविल्याबद्दल संध्याकाळच्या आंत निघून जावें असें त्यांनीं बजावलें. आंबेडकरांनीं एका हिंदु मित्राकडे आसरा विचारला. आपण घरीं आलां तर नोकर निघून जातील, असें तो म्हणाला. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. पत्नीस विचारून सांगतों म्हणाला. या उत्तरांचा अर्थ कळावयास कोश लागत नाहीं. दुपारपासून ते कामाठी बागेंत बसून राहिले, व रात्रीं नऊच्या गाडीनें मुंबईस परतले.

कोणी म्हणेल कीं, हा दोष पारशांचा. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्यानें न्यूयॉर्कांत एका खोलींत संसार केला तो भथेना पारशीच होता, आणि पुढें विलायतेच्या अभ्यासासाठीं पैशाची मदत करणाराहि तोच. न्यूयॉर्कांत जातीस कोणी विचारीत नव्हतें म्हणून तेथें पारशी पारशासारखा वागला नाहीं. बडोद्यांत हिंदूंनीं घालून दिलेला कित्ता परधर्मीयांनींहि गिरविला. शहरांत बहुमताची जी रीत असते, तीच अल्पमतास शहाणपण वाटूं लागते. पेठेंतील मातबर दुकानदारानें गिऱ्हाइकास कसें वागविलें तें पाहूनच लहान दुकानदार वागतो, हें व्यापाऱ्यांस आम्हीं सांगावयास नको.

मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अध्यापन करून पैसे सांठवून ते जुलै 1920 मध्यें पुन्हां लंडनास गेले. तेथील दुसरा मुक्काम हालाचा होता. घरमालकीण अगदीं बेताचें खावयास घाली. रात्रीं भूक लागली म्हणजे ओळखीच्या माणसानें दिलेले पापड पत्र्यावर भाजून खावयाचे व पहाटेपर्यंत वाचावयाचें. येथें वाचकांच्या लक्षांत येईल कीं, पोटाची ही ओढ घरमालकिणीच्या चिक्कूपणाची होती, जातीची नव्हती. असल्या हालाची तक्रार त्यांनीं फारशी केली नाहीं. जर्मन भाषा ते शिकलेच होते. बॉन येथील विद्यापीठाकडे 1921 सालीं त्यांनीं जर्मनमध्यें स्वहस्तें अर्ज लिहिला, व 1922 सालीं थोडा काळ ते तेथें जाऊनहि आले. बॅरिस्टर होऊन 1923 सालीं ते स्वदेशीं परतले, व लंडनची डी. एस्सी. ही पदवीहि मागाहून त्यांस मिळाली. मराठी, उर्दू, फारशी, इंग्रजी, जर्मन! यांतली एकहि भाषा त्यांस आपल्या गांवच्या पाणवठ्यापर्यंत नेऊं शकली नव्हती.

आतां महाडाकडे वळूं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावे, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें 1923 सालीं मंजूर केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेनें 1924 सालीं चवदार तळें खुलें असल्याचें ठरविलें. ठराव वहींत राहिला. 19 व 20 मार्च 1927 रोजीं महाडांत कुलाबा जिल्ह्याची परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांनीं ती घडवून आणण्यासाठीं खटपट केली. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे व गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे स्पृश्य वर्गांतील सहकारी होते, ही महाडच्या अभिमानाची गोष्ट आहे. अभिमानास न शोभणारी गोष्टहि तेवढीच खरी: परिषदेच्या मंडपांत प्यावयाचें पाणी 40 रुपयांस विकत घ्यावें लागलें. पैसे घेऊन पाणी दिलें, तळ्यावर मात्र पाऊल पडूं दिलें नाहीं.

20 तारखेस मंडळी शांतपणें मिरवणुकीनें गेली. प्रथम आंबेडकर तळ्यांत उतरले व ओंजळीनें पाणी प्याले. मग इतर प्याले. त्यानंतर गांवांत खोटी आवई उठली कीं, हे लोक वीरेश्वराच्या देवळांत शिरणार आहेत. तिच्या भरांत जेवणास बसलेल्या लोकांवर काठ्या चालल्या; पुष्कळ जखमी झाले. महायुद्धाच्या वेळीं समुद्रापार जाऊन आलेले पेन्शनर शिपाई प्रतिकारास अधीर झाले होते. आंबेडकरांनीं त्यांस आवरलें म्हणूनच तो दिवस आणखी रक्तपातावांचून गेला. पुढें गोमूत्र, शेण, दूध व दही यांच्या 108 घागरी ओतून तळें शुद्ध करण्यांत आलें, आणि 4 ऑगस्ट 1927 रोजीं नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला. डिसेंबरांत दुसरी परिषद भरली. तत्पूर्वींच 12 तारखेस कोर्टांत दावा लागून मनाई आली; आंबेडकरांनीं ती मानली, व 25 डिसेंबरच्या रात्रीं मनुस्मृतीची होळी झाली.

या सर्व प्रकरणाचा गाभा आम्हांस एका शब्दांत दिसतो, तो शब्द सार्वजनिक हा होय. तळें सार्वजनिक आहे हें वादी नाकारूं शकत नव्हते. तेथें परधर्मीय पाणी भरीत, गुरें पाणी पीत. तरीहि त्या शब्दाच्या अर्थांत शेजारचा महार बसत नाहीं, असें ते अंतःकरणपूर्वक समजत होते. मसूरच्या स्टेशनमास्तरास, बडोद्याच्या मित्रांस व महाडच्या गृहस्थांस आंबेडकरांची भाषा पुरती कळत होती. गफलत ऐकणाऱ्याच्या मनांत होती. न्यूयॉर्कांतल्या खाणावळवाल्यास त्यांचा उच्चार कदाचित् विचित्र वाटला असेल, पण मागितलेलें पाणी त्यानें दिलें.

कोलंबिया विद्यापीठानें आपल्या या जुन्या विद्यार्थ्यास 5 जून 1952 रोजीं एल्एल्. डी. ही सन्माननीय पदवी दिली. इकडे तळ्याचा दावा महाडच्या कोर्टांतून ठाण्यास व ठाण्याहून मुंबईच्या हायकोर्टांत गेला. अस्पृश्यांस पाणी बंद ठेवण्याची रूढि अनादि कालापासूनची आहे, हें वादींस शाबीत करतां आलें नाहीं, असा निकाल 17 मार्च 1937 रोजीं लागला. न्यूयॉर्क-लंडनचा पहिला प्रवास करून आंबेडकर मुंबईच्या धक्क्यावर उतरले, त्यास तोंवर वीस वर्षें होत आलीं होतीं.